कर्नल सी. के. नायडू : पन्नाशीनंतरचा कर्णधार

इंदूर आपल्यापासून अवघ्या पंचावन्न किलोमीटरवर आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोळ तिथे, कुणाचे काका-मावशी तिथे. शाळेचे संघही सामन्यांसाठी तिथे जातात. पण याच इंदूरच्या संघाने एके काळी आठ वर्षांत चार वेळा रणजी करंडक जिंकला होता आणि त्या संघाचा कर्णधार पन्नाशी उलटलेला गृहस्थ होता, हे विचारले तर वर्गात फार थोडे हात वर होतात. म्हणून या अंकातील चरित्रासाठी आम्ही कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांची निवड केली आहे.

पाठ्यपुस्तकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत नायडूंविषयी एकच ओळ असते, की ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार. ओळ खरी आहे, पाठ करायलाही सोपी आहे. पण आम्हांला त्यांच्या आयुष्याचा जो भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो, तो त्या ओळीनंतरचा आहे. उंच फटके मारणारा फलंदाज म्हातारा झाला की त्याचे करायचे काय? पाय जड होतात, नजर मंदावते आणि मागे तरुण मुले रांगेत उभी असतात. अशा खेळाडूला संघात ठेवायचे ते कशासाठी? नुसता मान म्हणून, की त्याचा खरोखर काही उपयोग असतो? शाळेचा संघ निवडताना पालक आणि शिक्षक यांच्यातही हाच वाद थोड्या वेगळ्या रूपात दरवर्षी होतो. नायडूंच्या चरित्रात त्याचे उत्तर अगदी सरळ मिळत नाही, पण पुष्कळ काही मिळते.

नायडूंचे घराणे तेलुगू. आजोबा नागपूरला वकिली करीत आणि त्या शहरातील मोठ्या लोकांत त्यांची गणना होई. कनकय्यांचा जन्म नागपुरातच ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी झाला. शिक्षण हिस्लॉप शाळेत झाले. आडनाव आंध्रचे, जन्म विदर्भातला आणि कर्मभूमी माळवा असा हा तिहेरी योग आहे. मुलूख सोडून आलेली घराणी नव्या गावाला कशी आपलीशी करतात, हे आपल्या उज्जैनच्या मराठी मंडळींना वेगळे सांगायला नको.

१९१६ साली ते हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध पहिला मोठा सामना खेळले. ७९ धावांत सात गडी बाद झाले होते आणि हा विशीतला मुलगा खाली नवव्या क्रमांकावर आला. पहिले तीन चेंडू त्याने मुकाट्याने अडवले आणि चौथा सीमेपार उचलला. प्रथम श्रेणीतली त्यांची पहिली धाव अशी षटकारानेच आली. इथे लहान मुलांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. १९१० पूर्वी सहा धावा हव्या असतील तर चेंडू नुसता सीमारेषेवरून जाऊन भागत नसे, तो थेट मैदानाबाहेर जावा लागे. नियम बदलला आणि सहाच वर्षांत नायडू आले. नियम त्यांच्यासाठीच बदलला की काय असे वाटावे!

१९२३ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि लोकांच्या तोंडी कर्नलसाहेबच राहिले. त्या काळी खेळावर पोट भरत नसे. संस्थानाची नोकरी, पगार आणि हुद्दा हाच खेळाडूचा आधार होता. उज्जैन तेव्हा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत होते, म्हणजे आपण शेजारच्या राज्यातले! तरी क्रिकेटची हवा हद्दीवर थोडीच अडते.

नायडू देशभर गाजले ते १ डिसेंबर १९२६ रोजी. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम.सी.सी. संघ आला होता आणि मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाशी त्याचा सामना चालू होता. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकार मारून १३० धावा चोपल्या होत्या. त्याला उत्तर म्हणून नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या आणि त्यांत अकरा षटकार होते. चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडत होते. एका डावाने देशाचे नशीब बदलते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण हिंदुस्थानचा संघ कसोटी खेळण्याच्या योग्यतेचा आहे हे इंग्लंडच्या मंडळींना पटण्यात या डावाचा वाटा मोठा होता. एम.सी.सी.ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

चांदीची बॅट कपाटात ठेवायची. धावा काढायच्या त्या लाकडाच्या बॅटनेच. मग ती लाकडाची बॅट कशी होती? आजच्या मुलांना याची उत्सुकता असते, कारण हल्ली दुकानात गेल्यावर आधी बॅटच्या कडेची जाडी पाहिली जाते. त्या काळच्या बॅटी इंग्लंडच्या विलो लाकडाच्या, वेताच्या मुठीच्या आणि वजनाने सर्वसाधारणपणे सव्वादोन पौंडांच्या आसपास, म्हणजे किलोभर असत. कडा पातळ, पाठ साधी. नवी बॅट जवसाचे तेल (आपल्याकडे अळशीचे म्हणतात) पाजून मुरवावी लागे आणि मग जुन्या चेंडूने ठोकून ठोकून तयार करावी लागे. रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा आणि लांबी अडतीस इंचांपेक्षा अधिक चालत नसे. ती मापे आजही तीच आहेत. जाडीला मात्र मर्यादा नव्हती. पुढे बॅटी इतक्या जाड झाल्या की २०१७ साली कडेला ४० आणि मध्ये ६७ मिलिमीटर अशी हद्द नियमानेच घालावी लागली. नायडूंच्या काळी असल्या नियमाची गरज कुणाला सुचली नसती. पातळ कडेला लागलेला चेंडू आज सीमेपार जातो, तेव्हा तो झेल व्हायचा. त्यामुळे षटकार मारायचा तर चेंडू बॅटच्या बरोबर मध्यावर घ्यावा लागे. नायडू उंचेपुरे होते, हात लांब होते आणि पाय पुढे टाकून चेंडूपाशी पोचण्याची त्यांना सवय होती. त्यांची ताकद बॅटच्या वजनात नव्हती, तर चेंडूपाशी वेळेवर पोचण्यात होती. वयानुसार पहिल्यांदा हरवते ती नेमकी हीच गोष्ट.

बाकीचे सामानही आठवावे असे आहे. पायांना कापूस भरलेले, वेताच्या काड्यांचे पॅड आणि हातांना आजच्या मानाने फारच तुटपुंजे मोजे. डोक्याला लोखंडी जाळीचे शिरस्त्राण नव्हतेच. ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस आले. डोक्यावर फार तर टोपी! या गोष्टीशी आपल्याला पुढे काम पडणार आहे.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र होते, पण कसोटीच्या वेळी दोघेही बाजूला झाले आणि धुरा नायडूंकडे आली. राजेरजवाड्यांच्या त्या दिवसांत एका नोकरदार माणसाच्या हाताखाली खेळणे सगळ्यांनाच रुचले असे नाही. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला इजा झाली, तरी पहिल्या डावात त्यांच्याच ४० धावा सर्वाधिक ठरल्या. भारत १५८ धावांनी हरला. संपूर्ण दौऱ्यात मात्र त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. वॉरविकशायरविरुद्ध एजबॅस्टनला १६२ धावा करताना त्यांनी एक चेंडू मैदानालगतच्या रिया नदीपलीकडे टाकला. ती नदी पूर्वी दोन परगण्यांची हद्द मानली जाई, म्हणून एका परगण्यातून मारलेला चेंडू दुसऱ्या परगण्यात पडल्याची गोष्ट झाली. खरे सांगायचे तर ती रिया नदी आपल्या शिप्रेच्या पासंगालाही पुरणार नाही, ओढाच म्हणा ना! पण क्रिकेटच्या चेंडूला तो ओलांडायला लावणे सोपे नव्हे. १९३३च्या विस्डेन वार्षिकाने वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली.

लक्षात घ्या, पहिली कसोटी खेळताना नायडूंचे वय छत्तीस होते. आज त्या वयात खेळाडूंना निवृत्तीचे प्रश्न विचारले जातात. आपल्या देशाला कसोटीचा दरवाजा उघडला तोवर त्यांच्या फटकेबाजीची ऐन भराची वर्षे निघून गेली होती. १९३३च्या डिसेंबरात मुंबईला भारतातील पहिली कसोटी झाली, तीत तरुण लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या आणि समोर कर्णधार नायडूंनी ६७ धावा करून त्यांना साथ दिली. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. त्या दौऱ्यात संघात तट पडले आणि त्याची कटुता पुष्कळ वर्षे टिकली. नायडूंचा करारी, थोडा ताठर स्वभावही त्या कटुतेला कारणीभूत असावा असे आम्हांला वाटते. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू अंगावर बसला, वेदना होत होत्या, तरी चाळीस वर्षांच्या नायडूंनी ८१ धावा करून डावाचा पराभव टाळला. ती त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या आणि तीच शेवटची कसोटी. सात कसोटींत ३५० धावा, सरासरी पंचवीस. आकडे एवढेच.

इथे एका परदेशी खेळाडूची आठवण होते. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच. तिथला सर्वांत नामांकित फटकेबाज बेब रूथ १८९५ सालीच, म्हणजे नायडूंच्याच वर्षी जन्मला. त्याची बॅट गोल सोट्यासारखी, वजन चाळीस औंसांहून जास्त, म्हणजे अकराशे ग्रॅमच्या वर. १९३५ साली चाळिशीत त्याला न्यूयॉर्कच्या संघाने सोडले आणि बोस्टनच्या संघाने घेतले, ते मुख्यतः नावावर प्रेक्षक यावेत म्हणून. २५ मे रोजी पिट्सबर्गला त्याने एकाच सामन्यात तीन वेळा चेंडू मैदानाबाहेर मारला, पण पायांत धावण्याचे बळ उरले नव्हते आणि आठवड्याभरात तो निवृत्त झाला. संघाचे व्यवस्थापन करावे, मुले घडवावीत ही त्याची इच्छा होती. ती जबाबदारी त्याला कुणी दिली नाही. रूथ खेळातून गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी नायडूंची कसोटी कारकीर्द संपली. दोघे समवयस्क, दोघे फटकेबाज, दोघे चाळिशीचे. फरक इतकाच की नायडूंना इंदूरने एक संघ सांभाळायला दिला.

महाराज यशवंतराव होळकर यांचा क्रिकेटला आश्रय होता. १९४१-४२ पासून होळकर संघ रणजी करंडकात आपल्या नावाने उतरू लागला. नायडूंच्या हाताखाली कोण कोण खेळले पाहा : मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड आणि धाकटे बंधू सी. एस. नायडू. यांतली किती नावे आपल्या घरांतली वाटतात! मुश्ताक तर इंदूरचेच. त्यांच्यातला खेळाडू नायडूंनी लहानपणीच हेरला आणि त्याला वळण लावले. त्याच मुश्ताकनी १९३६ साली मँचेस्टरला परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक झळकावले.

या संघात नायडूंची भूमिका हळूहळू बदलत गेली. फलंदाजीची सुरुवात करायला तरुण होते. नायडू मधल्या फळीत येत, मध्यमगती गोलंदाजी करीत आणि सगळ्यांवर नजर ठेवीत. ही नजर प्रेमळ होती असे कुणी म्हणत नाही. शिस्त लष्करी होती. अंगावर चेंडू लागला तर मैदानावर चोळत बसणे त्यांना खपत नसे. आजच्या पालकांना हे कठोर वाटेल, आणि लहान मुलांच्या बाबतीत आम्हीही त्याचे समर्थन करणार नाही. पण जे ते इतरांकडून मागत ते आधी स्वतः देत, एवढे मात्र खरे.

१९४४-४५ सालची अंतिम लढत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर झाली. महायुद्धाचे दिवस होते. इंग्लंडचे प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी सेवेनिमित्त महूच्या छावणीत होते आणि ते होळकर संघातून खेळले. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, विजय मर्चंट यांच्या २७८. होळकरांच्या ३६० आणि ४९२. मुश्ताक यांची दोन्ही डावांत शतके, कॉम्प्टन नाबाद २४९. एका सामन्यात २,०७८ धावा! सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले; एका सामन्यात इतके चेंडू टाकणारा दुसरा गोलंदाज नाही. होळकर ३७४ धावांनी हरले. एकोणपन्नास वर्षांच्या कर्णधाराने इथे थांबायला हरकत नव्हती.

पुढच्याच वर्षी होळकर संघाने इंदूरला म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धावा उभारल्या. एका डावात सहा शतके : भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. एकाच डावात सहा जणांनी शतके काढण्याचा तो विक्रम ठरला. त्या सहांपैकी एक जण पन्नाशीचा होता आणि बाकीच्यांना खेळवणाराही तोच होता. नंतर अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्याच पन्नाशी उलटलेल्या माणसाने २०० धावा काढल्या. नायडूंच्या आयुष्यातील ही सर्वोच्च धावसंख्या! तरुणपणी जे साधले नव्हते ते केस पांढरे झाल्यावर साधले. होळकर संघाने पहिल्यांदा करंडक जिंकला.

१९४६-४७ला मात्र बडोद्याने उट्टे काढले. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. ती २००६ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, कोणत्याही गड्यासाठीची जगातील सर्वांत मोठी भागीदारी होती. मार्चच्या उन्हात बडोद्याच्या मैदानावर एक्कावन्न वर्षांच्या नायडूंनी हे सारे उभे राहून पाहिले असेल, त्याची कल्पना आपण करू शकतो. १९४७-४८ला इंदूरच्या मैदानावर मुंबईला हरवून करंडक परत आला. १९५०-५१ला गुजरातविरुद्ध तिसऱ्यांदा आणि १९५२-५३ला कलकत्त्यात बंगालविरुद्ध चौथ्यांदा. मधल्या काळात संस्थान मध्य भारतात विलीन झाले होते, पण संघाचे नाव होळकरच राहिले. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत हा संघ आठ वेळा अंतिम फेरीत पोचला. शेवटचा करंडक घेताना कर्णधाराचे वय सत्तावन्न होते.

१९५१-५२च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यातील एक हकीकत माळव्यात अजून सांगतात. दत्तू फडकर यांचा उसळलेला चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला आणि दोन दात पडले. वय छप्पन्न, डोक्यावर शिरस्त्राण नाही. नायडूंनी पडलेले दात खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुन्हा बॅट घेऊन उभे राहिले. फडकर बिचारे ओशाळून हळू चेंडू टाकू लागले, तर तेही नायडूंना मान्य नव्हते. पूर्वीप्रमाणेच वेगात टाका असा त्यांचा आग्रह होता. आमच्या मते या प्रसंगात शौर्यापेक्षाही लक्षात ठेवण्याजोगा भाग हा शेवटचा आहे. संघात जागा अडवायची तर वयाची सवलत घ्यायची नाही, असा तो हिशेब होता. तरुणाला ज्या चेंडूवर बाद व्हायची पाळी येते, त्याच चेंडूला म्हाताऱ्यानेही सामोरे जायचे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नायडूंनी कुणा तरुणाची जागा अडवली का? शंका घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. प्रत्येक वर्षी अकरा जागांपैकी एक त्यांनी घेतली, हे उघड आहे. दुसऱ्या बाजूला, त्यांच्या हाताखाली घडलेल्या मुलांची नावे वर दिलीच आहेत. नायडू गेल्यावरही होळकर संघ १९५३-५४ आणि १९५४-५५ असे लागोपाठ दोनदा अंतिम फेरीत पोचला. एकदा मुंबईकडून आणि एकदा मद्रासकडून हरला. कुणी म्हणेल, पाहा, नायडू नव्हते म्हणून हरले. तसे आम्ही म्हणणार नाही, कारण नायडू असतानाही हा संघ चार अंतिम सामने हरला होता. आम्हांला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. कर्णधार निघून गेला तरी संघ अंतिम फेरीपर्यंत चालत राहिला, म्हणजे कर्णधाराने आपल्यामागे चालू राहील असे काही उभे केले होते. धावांच्या सरासरीत हे मोजता येत नाही, आणि निवड समितीच्या कागदावरही त्याला रकाना नसतो.

इंदूर सोडल्यावर नायडू आंध्रच्या नव्या संघाचे कर्णधार झाले आणि १९५६-५७ला उत्तर प्रदेशचे. वय एकसष्ट! राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा काढल्या आणि विनू मंकड यांना दोन षटकार मारले. मंकड म्हणजे त्या काळचे जगातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. भल्याभल्यांना त्यांच्यापुढे पाय पुढे टाकायची भीती वाटे. रणजीतील आपल्या अखेरच्या डावातही त्यांनी ५२ धावा केल्या. १९५६ सालीच भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले; हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना मदतनिधीसाठीचा होता, १९६३-६४ सालचा. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. १९१६ ते १९६३, म्हणजे सहा वेगवेगळ्या दशकांत हा माणूस मैदानावर दिसला. या काळात ११,८२५ धावा, २६ शतके आणि चारशेहून अधिक बळी त्यांच्या नावावर जमा झाले.

जाता जाता एक गंमत. आज खेळाडू शीतपेयापासून मोटारीपर्यंत सगळे विकतात. ही प्रथा आपल्याकडे सुरू केली तीही नायडूंनीच. १९४१ साली बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधाच्या जाहिरातीत ते झळकले होते. जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. औषध कितपत गुणकारी होते ते माहीत नाही, पण नमुना मात्र उत्तम निवडला होता!

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, इंदूरला त्यांचे निधन झाले. क्रिकेट नियामक मंडळाने १९९४ पासून त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, आणि देशातील उगवत्या खेळाडूंची एक स्पर्धा सी. के. नायडू करंडकाच्या नावाने खेळली जाते. त्यांनी १९५२-५३ला जिंकलेल्या करंडकानंतर आपल्या या भागात रणजी करंडक यायला मात्र एकोणसत्तर वर्षे लागली. जून २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशने मुंबईला हरवले. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे १९९८-९९ला मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून त्याच मैदानावर अंतिम सामना हरले होते. खेळाडू म्हणून जे हातून निसटले ते त्यांनी साठीत, मैदानाबाहेर बसून मिळवले.

मुलींसाठी एक नाव सांगायचे राहिले. नायडूंची कन्या चंद्रा नायडू यांनी इंदूरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, वडिलांवर पुस्तक लिहिले आणि १९७०च्या दशकात इंदूरच्या मैदानावरून आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते समालोचन केले. हे काम करणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला समजल्या जातात. २०२१ साली त्या गेल्या. त्यांचे पुस्तक इंग्रजीत आहे, पण नववी-दहावीच्या मुलामुलींना वाचायला जड जाऊ नये.